बाबांचा कॉम्प्युटर मोजे विणतो

सुनेने नोकरी सोडायचं ठरवलं तेव्हा घरात कुणालाच फारसं नवल वाटलं नाही. दुसऱ्याच्या लॅबमध्ये कवळ्या घडवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. मेणात दात लावावेत ते हिनेच, असं काही दंतवैद्य तिच्या तोंडावर म्हणत, आणि स्वतःचं काम सुरू केलंस तर आमच्याकडचं तुलाच देऊ, असा शब्दही त्यांनी दिला होता. गल्लीत तिला 'दातवाली' म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. दात काढणारीपेक्षा दात देणारी बरी, असं ती म्हणे.

अडचण होती जागेची. घरात तिच्या कामाजोगी एकच खोली होती. मागची, मोठ्या खिडकीची. तिथे दिवसभर मऊ, एकसारखा उजेड असे, आणि दातांच्या रंगाची छटा जुळवायची तर असाच उजेड लागतो. पण नेमक्या त्याच खिडकीखाली बाबांचा कॉम्प्युटर ठाण मांडून होता.

बाबा म्हणजे तिचे सासरे. शहराच्या बस कंपनीत त्यांनी अख्खी हयात वेळापत्रकं बनवण्यात घालवली. कुठली बस कुठून सुटेल, कुठे कुणाची वाट बघेल, कुठल्या चालकाला जेवायला सवड मिळेल, हे सगळं ते जुळवायचे. कंपनीत नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुना मोडीत निघाला. बाबांनी तो मागून घेतला आणि निवृत्त झाल्यावरही सोडला नाही. पिवळट पडलेलं जाडजूड खोकं, पोट सुटलेल्या माणसासारखा मॉनिटर आणि एकेक बटण ठोकताना खोलीभर आवाज करणारा कीबोर्ड. रविवारी सकाळी ते तो सुरू करत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत, आणि बाबा कुठेही नसलेल्या एका गावाच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बनवत बसत. त्या गावात कुणाचीही बस चुकत नसे.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. दिवसभर वर-खाली आणि घरी आला की आडवा. उचलायचा आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीजवळ ठेवून यायचा, सकाळपर्यंत कुणीतरी नेईल, असं त्याने पडल्या पडल्याच सांगून टाकलं.

"नेईल ना," सून म्हणाली. "मग तो काच फोडणार, तारा जाळून तांबं काढणार. त्या काचेत शिसं असतं. तो धूर कुणाच्या तरी लेकराच्या छातीत जाणार. माझ्या खोलीसाठी असलं पाप मला नको."

हे बोलणं दाराआडून बाबांच्या कानावर गेलं. ते आत आले आणि शांतपणे म्हणाले, "पण तो चालू आहे. चालू वस्तू कुणी टाकतं का?"

सासूबाई गेल्यापासून बाबांच्या दिवसाला आकार होता तो त्या कॉम्प्युटरमुळे, हे सुनेला दिसत होतं. तिने विषय तिथेच सोडला आणि आपलं बिऱ्हाड स्वयंपाकघरात मांडलं. ओट्याच्या एका टोकाला गॅस आणि दुसऱ्या टोकाला मेण तापवायचा दिवा. प्लास्टरची भुकटी पिठाच्या डब्याशेजारी. नवऱ्याने एकदा चहात साखर समजून ती टाकली. चहा घट्ट झाला, माणूस वाचला.

पेच सुटला तो एका कवळीमुळे. सकाळी बाबा चमचा घ्यायला गेले, तर कपांच्या मागून वरच्या जबड्याची एक लखलखीत कवळी त्यांच्याकडे बघून हसत होती. बाबा दचकले आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. डोळे पुसत ते ओट्याला टेकून उभे राहिले. सून धावत आली तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मग तीही हसत सुटली.

हसू ओसरल्यावर बाबांनी कवळी हातात घेतली. हिरड्यांवरच्या बारीक रेषा न्याहाळल्या, पुढच्या दाताचा किंचित कललेला कोपरा पाहिला. हा मुद्दाम तिरपा ठेवला का, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, त्या आजींचा मूळचा दात तसाच होता. जुन्या फोटोत बघून तसाच केला, नाहीतर घरच्यांना त्या परक्या वाटल्या असत्या. बाबांनी कवळी जपून खाली ठेवली.

"असलं काम चहाच्या कपांमागे होता कामा नये," ते म्हणाले. "खोली तू घे."

त्यांच्या दोनच अटी होत्या. त्यांनी केलेलं काम हरवता कामा नये. आणि कॉम्प्युटर भंगार म्हणून जाणार नाही. तो जाईल तिथे तेही सोबत जाणार.

पुढल्या रविवारी तिघांनी मिळून तो गाडीत चढवला. मॉनिटर मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. बाबा त्याच्या शेजारी, एक हात त्याच्या पाठीवर ठेवून बसले. नवऱ्याने आरशातून पाहिलं आणि खड्डे चुकवत गाडी हळू चालवली.

ते गेले रेडिओताईकडे. ही बाई बाजारामागच्या गल्लीत विजेच्या वस्तू दुरुस्त करायची. तिच्या वडिलांचं दुकान रेडिओचं होतं, पाटी अजून तीच होती, म्हणून नावही तेच चिकटलं. दुकानात मिक्सर होते, पंखे होते, फोन होते. रेडिओ औषधालाही नव्हता. सुनेला एवढंच विचारायचं होतं, की याचं काय करायचं, कुठे द्यायचं, आणि देण्याआधी काय काय काढून घ्यायचं.

रेडिओताईने आधी मॉनिटरच्या मागच्या झाकणाला हात लावू पाहणाऱ्या नवऱ्याला अडवलं. बंद केल्यावरही याच्या पोटात वीज साठून राहते, असा झटका देईल की चार माणसं उचलून नेतील. हा न उघडता, न फोडता तसाच्या तसा महापालिकेच्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचा. तिथे काच वेगळी करायची सोय आहे. नवऱ्याने हात खिशात घातले.

मग तिने खोकं उघडलं. आत राखाडी धुळीची गोधडी पसरली होती. ताईने नाकाला फडकं बांधून ती दाराबाहेर ब्रशने झाडली. हार्ड डिस्क काढली, तिला एक तार जोडून बाबांचं सगळं काम आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि तिथून नखाएवढ्या एका वस्तूत, पेनड्राइव्हमध्ये, भरून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली. सगळं मावलं का, असं त्यांनी जरा काळजीनेच विचारलं. ताई म्हणाली, सगळं भरलं तरी ती अजून रिकामीच आहे म्हणा ना. बाबांना हे थोडं लागलं. आपलं आयुष्य एवढ्या कमी जागेत बसावं हे कुणालाच आवडत नाही. मग डिस्कवरचं सगळं ताईने पुरतं पुसून टाकलं, नुसतं खोडून नाही तर वरून कोरं भरून, म्हणजे उद्या कुणाच्या हाती लागली तरी त्यातून काही वाचता येऊ नये.

खोक्याच्या तळाशी एक हिरवी पाटी होती, मदरबोर्ड, कॉम्प्युटरच्या बाकीच्या अवयवांना जोडणारी. तिच्यावरचा धुळीचा शेवटचा थर पुसता पुसता ताई थबकली. एका कडेला तीन लांबलचक काळ्या खाचा होत्या. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"हे कुठेही देऊ नका," ती म्हणाली आणि फोनकडे वळली.

फोन झाला मोजेवाल्यांना. हे गृहस्थ गावाबाहेरच्या वसाहतीत मोजे विणायचा लहानसा कारखाना चालवत. त्यांच्या मोठ्या मशीनला हुकूम देणारा कॉम्प्युटर बाबांच्या कॉम्प्युटरच्याच वयाचा होता आणि तो अचानक मेला होता. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. मशीनशी बोलणारं जे कार्ड होतं ते फक्त असल्या लांब काळ्या खाचेतच जायचं, आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये तसली खाच नसते. ताई तशी पाटी शोधून शोधून थकली होती. मशीन धूळ खात होती आणि मोजेवाले, ताईच्या भाषेत, स्वतःच्या सावलीवर खेकसत होते.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते खोक्यापाशी गेले, त्यांनी पाटीकडे पाहिलं, आणि सुनेला पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखी हाव दिसली.

"म्हणजे हा कामावर जाणार?" त्यांनी विचारलं.

कारखान्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती. लांबट शेड, वर काचेची कौलं, भिंतीला लावलेल्या रंगीत सुताच्या शंकूंच्या रांगा. काम करणाऱ्या बायका लहान मशीनींवर मोज्यांची टोकं शिवत होत्या, आणि मधोमध ती मोठी मशीन होती, शेकडो सुया वर्तुळात उभ्या आणि सगळं गप्प. मोजेवाले दाराशीच उभे होते. दाढी वाढलेली, पायात मात्र सुरेख चौकटीचे मोजे.

ताईने मेलेली पाटी काढली. तिच्यावरचे वीज साठवणारे छोटे डबे फुगून फुटले होते. त्या जागी बाबांची पाटी बसवली, मशीनचं कार्ड काळ्या खाचेत दाबलं, मशीनची स्वतःची डिस्क जोडायला घेतली आणि हळूच एक शिवी हासडली. डिस्कच्या मागे बारीक टाचण्यांसारख्या पिनांच्या दोन रांगा असतात. त्यातली एक कुणीतरी मागे घाईत वायर खुपसताना वाकवून ठेवली होती. सरळ करताना तुटली की संपलं. मशीनचं सारं शहाणपण त्या डिस्कवर होतं. ताईने आपले जाड बोटांचे हात पाहिले आणि ती मागे सरकली.

सुनेने पर्समधून गुंडाळी काढली. तिचा चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग तिच्याजवळ नेहमीच असे. कवळीत तारेची आकडी बसवायची म्हणजे हेच, ती म्हणाली, फक्त इथे कुणी "आ" करून बसलेलं नाही. पण थट्टा केली तरी तिच्या मानेवर घाम आला होता. पिन मुळाशी धरून ती कणाकणाने उचलत गेली, थांबली, श्वास सोडला, पुन्हा उचलली. शिवणाऱ्या बायकांच्या मशीनी एकेक करून थांबल्या. शेवटी तिने भिंग काढलं. पिन इतर पिनांच्या रांगेत नेमकी उभी होती.

कळ दाबली. पडदा काळा झाला, वर ओळखीची अक्षरं आली, आणि तिथेच सगळं अडकलं. डिस्क सापडत नाही, असं काहीतरी पडद्यावर होतं. मोजेवाल्यांनी डोक्याला हात लावला. ताई वायरी पुन्हा तपासू लागली.

"तसं म्हणतोच तो," बाबा मागून म्हणाले. "सरका जरा."

पाटीवरचा बटणाएवढा सेल कित्येक वर्षांपूर्वी संपला होता, आणि त्यामुळे वीज गेली की कॉम्प्युटर सगळं विसरायचा: तारीख, वेळ, आपल्याला डिस्क आहे हेसुद्धा. दर रविवारी बाबा त्याला पहिल्यापासून सगळं शिकवत आणि मगच कामाला लागत. नवा सेल घालावा हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. त्यांना तो कॉम्प्युटरचा स्वभाव वाटायचा. ताईने कपाळावर हात मारला आणि आपल्या पेटीतून नवा सेल काढून बसवला. जुना डबीत घालून ठेवला, तोही केंद्रावरच द्यायचा होता. मग बाबा स्टुलावर बसले. सुनेने मशीनच्या डिस्कवरच्या पट्टीवरचे आकडे वाचून दाखवले, ताईने कार्डाला कुठला क्रमांक राखून ठेवायचा ते सांगितलं, आणि बाबांची बोटं सेटिंगच्या निळ्या पडद्यावर न अडखळता चालत राहिली. चुकलं तर मागे जात, पुन्हा करत. कुणाला काही समजावण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांना मजा येत होती.

पुन्हा कळ दाबली. काही क्षण नुसती घरघर. मग पडद्यावर मोज्याचं ठोकळेबाज चित्र उमटलं, मोठ्या मशीनमध्ये कुठेतरी खट् झालं, आणि सुयांचं वर्तुळ फिरू लागलं. आधी सावकाश, मग एकदम वेगात. आवाजाने शेड भरून गेली. मशीनच्या पोटातून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक नळी खाली उतरली, मधेच थांबून इकडून तिकडे झोके घेत तिने टाच वळवली, आणि काही वेळात एक अख्खा मोजा टोपलीत पडला.

मोजेवाल्यांनी तो उचलला, त्यात हात घातला, ताणून बघितला. बायकांतली एक मोठ्याने हसली आणि मग सगळ्याच बोलू लागल्या. मोजेवाल्यांनी मोजा बाबांच्या हातात ठेवला आणि हाताने नुसतं 'घ्या' असं केलं.

बाबा मशीनकडे बघत होते. पहिल्या मोज्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ जातो, रंग बदलताना मशीन कुणासाठी थांबते, शिवणाऱ्या बायकांच्या हातात मोजे कधी थव्याने येतात आणि कधी त्या रिकाम्या बसतात, असे प्रश्न त्यांनी मोजेवाल्यांना विचारायला सुरुवात केली. मोजेवाल्यांनी आधी बरी उत्तरं दिली, मग ते गोंधळले, मग म्हणाले की हे कधी कुणी मोजलंच नाही. बाबांचे डोळे चमकले. सुनेने नवऱ्याला कोपराने ढोसलं. आता आपण बाबांना घेऊन घरी कसे जाणार, असं तिने त्याच्या कानात विचारलं.

ते घरी आले खरे, पण पुन्हा जायचं ठरवूनच. मोजेवाल्यांची दुसरी एक मशीनही त्याच वयाची होती आणि तिचा कॉम्प्युटरही कधी मान टाकेल याचा नेम नव्हता. आठवड्यातून काही सकाळी येऊन दोन्ही मशीनींकडे लक्ष द्या, आणि ते कामाचं वेळापत्रकही बसवून द्या, अशी गळ त्यांनी बाबांना घातली. बाबांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि गाडीत बसेपर्यंत होकार देऊन टाकला.

उरलेलं सामान घेऊन सून आणि बाबा महापालिकेच्या केंद्रावर गेले. मॉनिटर, फुगलेली पाटी, उरलेल्या वायरी, तो जुना सेल. तिथल्या हातमोजे घातलेल्या बाईला बाबांनी इतके प्रश्न विचारले की तिने शेवटी त्यांना आत नेऊन सगळं दाखवलंच. काच ठेवायचे पिंजरे वेगळे, सेलची बंद पिंपं वेगळी, पाट्या वेगळ्या. यातलं सोनंसुद्धा काढतात, अगदी कणभर असतं, असं ती म्हणाली. मॉनिटर सरकत्या पट्ट्यावर ठेवताना बाबांनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली, चांगली दणदणीत, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला मारतात तशी. मोजे उलटे करून शिवायला वेळ का लागतो यावर त्यांनी घर येईपर्यंत सुनेचं डोकं खाल्लं.

मागची खोली मोकळी झाली. नवऱ्याने सुट्टी काढून खिडकीखाली तिचं टेबल उभं केलं, आणि एकदा का हातात हत्यार आलं की तो आडवा होत नाही हे सगळ्यांना नव्याने कळलं. कोऱ्या केलेल्या हार्ड डिस्कमधून रेडिओताईने दोन चंद्रकोरीसारखी लोहचुंबकं काढून दिली होती. ती त्याने भिंतीवरच्या फळीला जडवली, आणि सुनेच्या सुऱ्या, चिमटे, कोरण्या तिथे ओळीने चिकटून राहू लागल्या. खोक्यातला पंखा ओले साचे वाळवायच्या कामी आला. रिकामं पत्र्याचं खोकं कशाला लागेल ते कुणाला सुचेना, म्हणून तेही केंद्रावर गेलं.

नव्या खोलीत केलेली पहिली कवळी तिने दंतवैद्यांकडे पाठवली आणि मग तिला काही सुचेना. दुसऱ्याच्या लॅबमधून गेलेल्या कवळीची चिंता लॅबवाला करी. ही तिची एकटीची होती. ती टेबल पुसत राहिली, पुसलेलं पुन्हा पुसत राहिली. अखेर फोन वाजला. दंतवैद्य म्हणाले, कवळी चपखल बसली, कुठेही घासावं लागलं नाही. आजोबांनी कवळी लावली, जबडा दोनदा आपटून पाहिला, आणि खुर्चीतून न उठताच एक अख्खं सफरचंद मागितलं.

हे सांगायला घरात कुणीच नव्हतं. नवरा कुठल्यातरी लिफ्टच्या टपावर असणार. तिने चपला घातल्या आणि तडक मोज्यांचा कारखाना गाठला. आत दोन्ही मोठ्या मशीनी भरात होत्या आणि त्या गदारोळात बाबा पार पलीकडच्या टोकाला, कानात कापूस घालून, भिंतीवर एक भला मोठा कागद चिकटवत होते. तिने हाक मारली, ती पोचली नाही. तिने तोंडाशी हात धरून ओरडून सांगितलं, "बाबा, बसली! पहिल्याच झटक्यात बसली!"

बाबांनी वळून बघितलं. पण त्यांच्याआधी ऐकलं ते मोजेवाल्यांनी. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि हातातला सुताचा शंकू टाकून ते धावत सुटले.

"कुठली बसली? पहिली बंद पडली का दुसरी?"

"मशीन नाही हो, कवळी!" सून ओरडली. "माझी कवळी बसली!"

तेवढ्यात मोजेवाल्यांनी घाबरून दोन्ही मशीनींच्या कळा बंद केल्या होत्या, त्यामुळे शेवटचे तीन शब्द साऱ्या शेडने स्वच्छ ऐकले. शिवणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. एकीने विचारलं, एवढ्या तरुण वयात? मग जी हास्याची लाट उठली त्यात मोजेवालेही सामील झाले, छातीवर हात ठेवून, जीव भांड्यात पडलेल्या माणसासारखे. बाबा कानातला कापूस काढत पलीकडून येत होते. काय झालं हे त्यांना अजून कळलं नव्हतं, पण सून हसत होती, बायका हसत होत्या, म्हणून तेही येता येताच हसू लागले होते.